कुलूपबंद कपाटाची किल्ली : सोलापूर जिल्ह्यातील आमदारांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व विधानसभा व विधान परिषद सदस्य

विषय : गांजाच्या झाडापासून तयार होणारी औषधे, त्यांचे लाभ व धोके आणि राज्याचे धोरण

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार. मी सोलापुरातील एका रुग्णालयाच्या औषध भांडारात ३१ वर्षे काम करून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांतली शेवटची चौदा वर्षे दुहेरी कुलपाच्या कपाटाची एक किल्ली माझ्या कमरेला होती. त्या कपाटात मॉर्फिन, पेथिडीन, फेंटानिल अशी तीव्र वेदनाशामक औषधे असत. प्रत्येक पाळीला त्यांची मोजदाद होई, वापरलेल्या औषधाची रिकामी कुपी परत आल्याशिवाय नवी दिली जात नसे आणि नोंदवहीत रुग्णाचे नाव, मात्रा, वेळ व दोघांच्या सह्या असल्याशिवाय पान उलटत नसे. ज्या पदार्थाचे व्यसन लागते तो पदार्थ औषध असू शकतो का, हा प्रश्न माझ्यासाठी म्हणूनच कधी वादविवादाचा राहिला नाही. असा पदार्थ मी रोज मोजून दिला आहे, त्याने माणसाचे कण्हणे थांबलेले पाहिले आहे आणि एक कुपी कमी भरली म्हणून रात्री दीड वाजेपर्यंत वॉर्डांतील कचऱ्याच्या बादल्या शोधल्या आहेत.

गांजाच्या औषधी उपयोगाची चर्चा गेली काही वर्षे आपल्या जिल्ह्यातही पोहोचली आहे. मोबाईलवर फिरणारे संदेश सांगतात की, हे झाड कर्करोगापासून फिटपर्यंत सगळे बरे करते आणि परदेशी कंपन्यांच्या दबावामुळे ते आपल्यापासून लपवले गेले. दुसऱ्या बाजूला, हैदराबाद-पुणे महामार्गावर गांजाची पोती पकडल्याच्या बातम्या वाचणारा पालक म्हणतो की, या झाडाचे नावसुद्धा दवाखान्यात निघू नये. पालकांची भीती मला समजते, कारण मीही एक आई आहे. परंतु या दोन्ही बाजू झाडाबद्दल बोलतात आणि खाटेवरचा रुग्ण बाजूलाच राहतो. त्या रुग्णाच्या वतीने मला आपल्याशी बोलायचे आहे.

प्रथम कायद्याविषयी थोडे, कारण हा विषय केंद्राचा आहे, राज्याच्या हाती काही नाही, असे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आणली, पण त्याच कायद्याच्या ८ व्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनाचा अपवाद स्पष्ट शब्दांत आहे. १० व्या कलमाने चरस वगळून गांजाचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, विक्री आणि वापर यांवर नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. फुलोऱ्याचे शेंडे नसलेली पाने कायद्यातील ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत. भांग आणि आयुर्वेदात याच झाडाला म्हणतात ती ‘विजया’ वेगळ्या वाटेने चालतात त्या याच कारणाने. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कठोर अशा चौथ्या अनुसूचीतून काढले, आणि भारताने बदलाच्या बाजूने मत दिले. पहिल्या अनुसूचीतील नियंत्रण मात्र कायम राहिले. म्हणजे औषध म्हणून विचार करण्यास आपल्या देशाने जगापुढे होकार दिला आहे. तो होकार सोलापूरच्या रुग्णापर्यंत कोणत्या रूपात पोहोचावा, हे ठरवण्यात आपला वाटा आहे.

येथे मी आपल्याला मॉर्फिनची हकिकत सांगते, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यातून निघाले आहे. ज्या १९८५ च्या कायद्याने गांजा बंद केला, त्यानेच मॉर्फिनही जखडून टाकले. ते बाळगायला, वाहून न्यायला, दुसऱ्या राज्यातून आणायला वेगवेगळे परवाने लागत. एका परवान्याची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे, आणि चूक झाली तर शिक्षा इतकी कठोर होती की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. मॉर्फिन अफूपासून बनते, आणि मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात कायदेशीर अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत होते. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ म्हणून वेगळे स्थान मिळाले. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरते.

त्या दुरुस्तीच्या आधीची एक रात्र मी विसरू शकत नाही. विडी घरकुलात राहणाऱ्या एका विडी कामगार बाईंना तोंडाचा कर्करोग झाला होता. गाल आतून पोखरला होता, गिळणे बंद झाले होते. त्यांचा मुलगा औषध भांडाराच्या खिडकीशी आला आणि आधी तेलुगूत, मग मला कळावे म्हणून मराठीत त्याने विचारले, “ताई, गांजा पाजला तर आईची कळ थांबेल का? एक जण आणून देतो म्हणतोय.” त्या आठवड्यात आमच्याकडे मॉर्फिनची एकही गोळी नव्हती, कारण परवान्याचे नूतनीकरण अडकले होते. आईला हवे ते औषध गांजा नव्हे, एवढे मी त्याला सांगू शकले, पण ते औषध मी त्याच्या हातावर ठेवू शकले नाही. तो मुलगा पुढे कोणाकडे गेला हे मला माहीत आहे आणि मी त्याला दोष देत नाही. आपल्या भागात गांजाच्या औषधाला जी मागणी आहे, तिच्यातील बरीचशी मागणी साध्या, जुन्या, स्वस्त वेदनाशामकाच्या अभावातून जन्मलेली आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

शास्त्र काय सांगते? वेदनेच्या बाबतीत तज्ज्ञांत खरोखरच मतभेद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनेत गांजाचा उपयोग होतो, याला भरीव पुरावा असल्याचे म्हटले, तर वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगून त्याची शिफारस करण्याचे नाकारले. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर या झाडातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या धर्तीवर बनवलेल्या गोळ्यांना अमेरिकेत १९८५ पासूनच मान्यता आहे, मात्र त्यानंतर ऑनडॅन्सेट्रॉनसारखी चांगली आणि स्वस्त औषधे आली आणि त्या गोळ्यांची गरज मर्यादित उरली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू ताठरतात, त्यावर गांजापासून बनवलेल्या, तोंडात फवारण्याच्या औषधाला ब्रिटनने २०१० मध्ये परवानगी दिली. गांजाने कर्करोगाची गाठ विरघळते, असे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही, आणि तसे सांगून कोणी उपचार थांबवायला लावत असेल तर तो रुग्णाचे आयुष्य हिरावून घेत आहे.

सर्वांत ठोस पुरावा आहे तो लहान मुलांच्या काही अवघड अपस्मारांत, म्हणजे वारंवार आकडी येण्याच्या आजारांत, आणि तोही नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑल या घटकाचा. ड्रॅव्हे सिंड्रोम असलेल्या १२० मुलांवर व तरुणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांना महिन्याला येणाऱ्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला, तर नुसते औषधासारखे दिसणारे द्रव घेणाऱ्यांचा तो १४.९ वरून १४.१ एवढाच उतरला. महिन्यातून बारा वेळा मूल जमिनीवर कोसळणे आणि सहा वेळा कोसळणे यांतील फरक ज्या आईने पाहिला आहे, तिला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन प्रकारच्या अपस्मारांसाठी त्याला मान्यता दिली. कलकत्त्यात १८३९ च्या सुमारास विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाच्या झटक्यांवर गांजाचा अर्क वापरून पाहिला होता, हे येथे आठवते. पुढे तो अर्क औषधशास्त्रातून मागे पडला, त्याचे एक मोठे कारण असे की एका बाटलीतील ताकद दुसऱ्या बाटलीशी जुळत नसे.

बाटलीची ताकद न कळणे म्हणजे काय, हे मी निवृत्तीनंतर माझ्याच गल्लीत पाहिले. पूर्वभागातील यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या, तेव्हा सात वर्षांच्या असलेल्या मुलाला लेनॉक्स-गॅस्टॉ आहे. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबॅझाम ही आकडीवरची औषधे चालू असूनही त्याला रोज आकडी येत असे. कोणी तरी पाठवलेली चित्रफीत पाहून वडिलांनी मोबाईलवरून एक तेल मागवले. दहा मिलीलीटरची बाटली, त्यावर विजयेच्या पानाचे चित्र, आणि तिच्यासाठी पगाराचा मोठा हिस्सा मोजावा लागलेला. विकणाऱ्याने फोनवर सांगितले की, नैसर्गिक औषध सुरू केल्यावर ‘केमिकल’च्या गोळ्यांची गरज नाही. त्यांनी व्हॅल्प्रोएट एकदम बंद केले. चौथ्या दिवशी पहाटे मुलाला जी आकडी आली ती अर्धा तास थांबली नाही. रिक्षातून नेऊन, शिरेतून औषध देऊन त्याला वाचवावे लागले.

ते वडील नंतर ती बाटली घेऊन माझ्याकडे आले. मी चष्मा लावून लेबल तीनदा वाचले, पण एका थेंबात कॅनाबिडिऑल किती मिलिग्रॅम आणि टीएचसी किती, हे त्यावर कोठेच नव्हते. सदस्यहो, मान्य औषधाची मात्रा वजनावर ठरते. दिवसाला प्रति किलो ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून आठवड्याने ती १० वर नेतात. २० किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम. तिळाच्या तेलातील त्या औषधात एका मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम असतात, म्हणून दोन मिलीलीटर, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. या हिशेबाने दहा मिलीलीटरची बाटली पाच दिवसांत संपेल. ते वडील मात्र दिवसाला तीन थेंब देत होते आणि ती महिनाभर पुरवणार होते. ज्यात काय आहे ते ठाऊक नाही, अशा तीन थेंबांसाठी मुलाची चालू गोळी सुटली होती. उलट बाजूने, बाटलीत खरोखर पुरेसे कॅनाबिडिऑल असते तर दुसरा धोका होता. व्हॅल्प्रोएटबरोबर त्याने यकृताची एन्झाइम्स वाढतात, क्लोबॅझामबरोबर मूल गुंगीत जाते, आणि म्हणून रक्ततपासणी व मात्रेत फेरबदल करावे लागतात. हे त्या वडिलांना कोण सांगणार होते?

हा प्रश्न एकाच बाटलीचा नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅनाबिडिऑलच्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा लेबलवरील प्रमाण फक्त २६ उत्पादनांत बरोबर निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसीही सापडले. आपल्याकडे विजया हे शास्त्रोक्त द्रव्य आहे. भावप्रकाशात तिचे गुण सांगितले आहेत, वैद्य ती शोधन (शुद्धीकरण) करूनच वापरतात, आणि औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग असल्यामुळे तिची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा लेबलवर आवश्यक आहे. आयुर्वेदावर माझा राग नाही. सोलापुरात उत्तम वैद्य आहेत आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. परंतु वैद्याने नाडी पाहून दिलेली मात्रा आणि अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेले थेंब यांना एकाच शास्त्राचे नाव देणे हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे. चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणाऱ्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत कर्करोग आहे आणि अपस्मारही आहे. ती बाटली ज्या शब्दांत विकली गेली, ते शब्द त्या कायद्याने सत्तर वर्षांपूर्वीच मना केले आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

धोक्यांबद्दल मी हात राखून बोलणार नाही. २०१९ मध्ये एम्सने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी वापरत होते. गांजा वापरणाऱ्या साधारण दहांपैकी एकाला त्याचे व्यसन जडते आणि कोवळ्या वयात सुरुवात झाली तर हे प्रमाण वाढते. तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका कितीतरी अधिक आढळतो, गरोदरपणात घेतल्यास बाळाचे वजन कमी भरते आणि वाहन चालवणाऱ्याच्या हातून अपघाताची शक्यता वाढते. आमच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी वीस-बावीस वर्षांची मुले पाहिली आहेत, ज्यांना भिंतीतून आवाज येत होते. म्हणूनच चिलीम किंवा सिगारेट हा औषध देण्याचा मार्ग होऊ शकत नाही आणि ज्याच्या घराण्यात मनोविकृती आहे त्याला टीएचसी देऊ नये, हे मी आग्रहाने सांगते.

इतर देशांच्या अनुभवातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थायलंडने २०१८ च्या अखेरीस वैद्यकीय वापराला मान्यता दिली, २०२२ मध्ये तयारी नसताना गांजाला अमली पदार्थांच्या यादीतून काढले, गल्लोगल्ली दुकाने उघडली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक करावी लागली. दुसरी गोष्ट घाईने काढलेल्या निष्कर्षांची आहे. अमेरिकेतील ज्या राज्यांत वैद्यकीय गांजा कायदेशीर आहे तेथे अफूजन्य औषधांनी होणारे मृत्यू कमी आहेत, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण तीच पद्धत २०१७ पर्यंतच्या आकड्यांना लावली तेव्हा निष्कर्ष उलटा आला.

शेतीचा मुद्दाही येथे डोकावतो. २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने कोणत्याच शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून गांजाच्या लागवडीची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जामागची व्यथा खरी होती. पण ते दुखणे कांद्याच्या आणि दुधाच्या भावाचे आहे आणि त्याचे उत्तर त्या भावातच शोधले पाहिजे. औषधाचे धोरण पिकाच्या नफ्यावर बेतले, तर रुग्ण पुन्हा एकदा मागे पडेल.

आता माझ्या विनंतीकडे येते. येत्या अधिवेशनात आपण, पक्ष कोणताही असो, एकत्रितपणे शासनाला विचारावे की, जिल्ह्यातील उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांपैकी किती ठिकाणी तोंडावाटे घेण्याचे मॉर्फिन आज मिळते आणि उरलेल्यांना मान्यता केव्हा मिळेल. हे मी पहिले मागते, कारण करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या रुग्णाला दहा मिलिग्रॅमच्या गोळीसाठी एसटीने सोलापूरपर्यंत यावे लागू नये. त्यानंतर, औषध नियंत्रकांनी मान्य केलेले, मिलिग्रॅममध्ये मोजलेले कॅनाबिडिऑल गंभीर बालअपस्मारासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून, मेंदूविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, गरीब पालकाला परवडेल अशा रीतीने मिळावे. अशी मुले थोडी आहेत, त्यामुळे खर्च शासनाला झेपणारा आहे. विजयेच्या प्रत्येक उत्पादनावर कॅनाबिडिऑल आणि टीएचसी या दोन्ही घटकांचे प्रमाण मराठीत छापलेले असावे, प्रत्येक बॅचची तपासणी व्हावी आणि चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या विक्रेत्यावर अन्न व औषध प्रशासनाने गुन्हा नोंदवावा.

शिवाय नोंद हवी. बार्शीमध्ये १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालू आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी आपल्या जिल्ह्याने करून दाखवली, तीही गावागावांत फिरून, लोकांशी बोलून. ज्या जिल्ह्याने हे केले तो जिल्हा ही औषधे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद नक्कीच ठेवू शकेल. मात्रा किती, आकड्या किती कमी झाल्या, यकृत कसे आहे, कोणी औषध सोडले आणि का, हे सर्व त्या नोंदीत यावे. पाच वर्षांनी आपल्यापुढे परदेशातील आकड्यांबरोबर आपल्या मुलांचेही आकडे असतील आणि त्यावरून नियम सैल करायचे की आवळायचे ते ठरवता येईल.

गल्लीतला तो मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. व्हॅल्प्रोएट पुन्हा सुरू आहे, आकड्या अजून येतात, आणि त्याचे वडील दर पंधरवड्याला मला विचारतात की ते खरे औषध सोलापुरात केव्हा मिळेल. अशा औषधांची नोंदवही कशी आखावी, रिकाम्या बाटल्या कशा मोजून घ्याव्यात, किल्ल्या कोणाकोणाकडे असाव्यात, हे नव्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी मी आठवड्यातून दोन दिवस विनामूल्य यायला तयार आहे. शासनाने केव्हाही बोलवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
सोलापूर